भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ची अट कोणती असावी?

प्रति,
मध्य प्रदेशातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू
आणि भौतिकशास्त्र अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य यांस,



राष्ट्रीय शिक्षण धोरणास जुलै २०२० मध्ये मंजुरी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, २०२१-२२ च्या सत्रापासून, आपल्या राज्याने ते पदवीच्या पातळीवर लागू केले. त्या सत्रात प्रवेश घेतलेल्यांपैकी ज्यांनी चौथे वर्षही पुरे केले त्यांच्यासाठी एक वर्षाच्या एम.एस्सी.ची तरतूद झाली असून, तीन वर्षांची बी.एस्सी. घेऊन येणाऱ्यांसाठी दोन वर्षांची जुनी वाट शाबूत ठेवण्यात आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याच्या अनुरोधाने आपल्या मंडळांना अभ्यासक्रम आणि परीक्षांचे नियम नव्याने बांधावे लागणार हे उघड आहे. हुकूम निघाल्यावर केलेली तक्रार दप्तरात पडते. मसुद्यावर केलेली सूचना निदान वाचली तरी जाते, अशा भरवशावर हे पत्र लिहीत आहे.

भोपाळच्या वर्गांत पदार्थविज्ञान शिकवण्यात आणि गावोगावी बाह्य परीक्षक म्हणून जाण्यात ज्याची नोकरी सरली असा मी एक निवृत्त अध्यापक. पत्राची हिंदी प्रत रीतसर रवाना करीतच आहे; मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारण एवढेच की, टी. टी. नगरपासून भेलच्या वसाहतीपर्यंत आणि अरेरा कॉलनीपर्यंत पसरलेल्या मराठी कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलेमुली या विषयाकडे आली आहेत, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही या प्रश्नात लक्ष घालावे अशी माझी इच्छा आहे. पुढे जे दोष सांगणार आहे ते कोणा एका संस्थेचे नव्हेत. ते साऱ्या व्यवस्थेत मुरलेले आहेत, आणि म्हणूनच त्यांवरचा इलाज नियमांतूनच व्हावयास हवा.

आजच्या अटींचा तपशील थोडक्यात असा. उमेदवार सामान्यतः भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. झालेला असावा, ई-प्रवेशाच्या फेऱ्यांतून अथवा प्रवेश परीक्षेतून त्याची निवड व्हावी, गणितीय भौतिकी, अभिजात यामिकी, पुंजयामिकी, विद्युत्‌गतिकी, सांख्यिकीय यामिकी, घनपदार्थ, अणू व रेणू, अणुकेंद्र व मूलकण, इलेक्ट्रॉनिक्स अशा शाखांतील प्रश्नपत्रिका त्याने उत्तीर्ण व्हाव्यात, प्रात्यक्षिकांची फाइल सादर करावी, वायवा द्यावा, हजेरी भरावी, आणि दोन वर्षांच्या क्रमात किमान ८०, एक वर्षाच्या क्रमात किमान ४० श्रेयांक त्याच्या खाती जमा व्हावेत. यावर एक अलिखित अट अशी की, टक्केवारी पंचावन्नाच्या खाली जाता कामा नये, कारण पंचावन्न टक्क्यांवाचून सर्वसाधारण प्रवर्गातल्या उमेदवाराला नेटच्या परीक्षेला बसता येत नाही आणि अध्यापकाच्या जागेसाठी अर्जही करता येत नाही.

यांपैकी एकही अट गैरवाजवी आहे असे मी म्हणत नाही. गोल्डस्टीनची यामिकी, जॅक्सनची विद्युत्‌गतिकी आणि किटेलचे घनपदार्थावरील पुस्तक ज्याने हातात पेन्सिल घेऊन वाचले, त्याने काहीतरी कमावले याबद्दल शंका नाही. मूळ पुस्तक न उघडता आठवड्याच्या तयारीवर प्रश्नपत्रिका सोडवता येतात, ही तक्रारही जुनी आहे आणि ती प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी मनावर घेतली तर बरीचशी मिटण्याजोगी आहे. माझा आक्षेप निराळ्या ठिकाणी आहे. या सर्व अटी पुऱ्या करून, उत्तम श्रेणी मिळवून, विद्यार्थी एम.एस्सी. होऊ शकतो आणि तरीही ज्याचे उत्तर आधी ठाऊक नाही असा एकही प्रश्न त्याने निसर्गाला विचारलेला नसतो. भौतिकशास्त्राची सर्वोच्च अध्यापनीय पदवी ज्याला द्यावयाची, त्याने मापन म्हणजे काय ते स्वतः अनुभवलेले असावे, ही अट आपल्या नियमावलीत कोठेही नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. हॉल परिणामाचा प्रयोग नसलेली एम.एस्सी.ची प्रयोगशाळा बहुधा सापडणार नाही. सनमायकाच्या पट्टीवर बसवलेला जर्मेनियमचा नखभर स्फटिक, त्याला जोडलेल्या चार तारा, काही मिलिअँपिअरची स्थिर धारा देणारी पेटी, विद्युतचुंबक आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारा गाउसमीटर, एवढाच सरंजाम. धारा एका दिशेने सोडावी, क्षेत्र तिला काटकोनात ठेवावे, आणि दोहोंना काटकोनात जो सूक्ष्म विद्युतदाब उत्पन्न होतो तो मोजावा. त्याच्या चिन्हावरून स्फटिकात धारा वाहून नेणारे कण ऋण आहेत की धन ते कळते आणि परिमाणावरून त्यांची घनता निघते. दाब मोजणारी दोन टोके स्फटिकावर अगदी समोरासमोर कधीच बसलेली नसतात; तसूभर पुढेमागे असतातच, आणि त्यामुळे चुंबक बंद असतानाही मिलिव्होल्टमीटर शून्य दाखवीत नाही. या परक्या दाबाला वजा करण्याची युक्ती सोपी आणि सुंदर आहे: क्षेत्राची दिशा उलटी करावी, म्हणजे हॉलचा दाब आपले चिन्ह बदलतो, टोकांच्या वाकडेपणाचा दाब बदलत नाही, दोन वाचनांच्या फरकाचे निम्मे ते खरे उत्तर. प्रयोगाचा अर्धा अर्थ या एका कृतीत आहे. बाह्य परीक्षक म्हणून बसलो असता मी नेहमी एकच प्रश्न विचारीत असे: चुंबक बंद असताना तुमचा मीटर काय दाखवीत होता? बहुतेकांचे उत्तर असे, "सर, शून्य." फाइलमध्येही शून्यच लिहिलेले असे, सुवाच्य अक्षरात, तांबड्या शाईने समास आखून.

हे शून्य मीटरवर दिसलेले नव्हते. गेल्या वर्षीच्या फाइलमधून ते उतरले होते, आणि त्या फाइलमध्ये त्याच्याही आधीच्या वर्षीच्या. महाराष्ट्रात जिला जर्नल म्हणतात आणि आपल्याकडे प्रॅक्टिकल फाइल, ती वस्तू अनेक ठिकाणी वाडवडिलांच्या इस्टेटीप्रमाणे एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जाते. जेथे ती हाताशी नसते तेथे पुस्तकातली किंमत समोर ठेवून उलट्या बाजूने वाचने 'बसवली' जातात. विद्यार्थ्यांना यात काही वावगे वाटत नाही, कारण नियमाने त्यांच्याकडून बरोबर उत्तर मागितले आहे, खरे वाचन मागितलेले नाही. पुस्तकाशी जुळणाऱ्या उत्तराला गुण आणि न जुळणाऱ्या प्रामाणिक उत्तराला कपात, असा हिशेब जोवर चालतो तोवर विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

वेळ पुरत नाही, हे यावर दिले जाणारे नेहमीचे उत्तर. ते तपासून पाहावे. आयोगाच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात पंधरा तास व्याख्यान किंवा तीस तास प्रयोगशाळा. अर्थात चार श्रेयांकांचे प्रात्यक्षिक म्हणजे १२० तास. दहा प्रयोगांची यादी धरली तर प्रत्येकाच्या वाट्यास बारा तास येतात, आणि बारा तासांत हॉलचा प्रयोग तीनदा करता येतो, तापमान बदलून करता येतो, पहिल्या दिवशीच्या चुका दुसऱ्या दिवशी शोधता येतात. प्रत्यक्षात प्रयोग एका बैठकीत उरकतो आणि उरलेले तास फाइल सजवण्यात जातात. तेव्हा मी आपल्याकडे प्रयोग वाढवण्याची मागणी करीत नसून ते कमी करण्याची करीत आहे. दहांचे पाच करावेत, पण पाचही असे व्हावेत की विद्यार्थ्याने आपल्या उत्तरापुढे त्याची अनिश्चितता लिहावी आणि ती कोठून आली ते सांगावे. गायगर गणकावर शंभर ठोके मोजले तर त्यांत सुमारे दहांची, म्हणजे दहा टक्क्यांची, अनिश्चितता राहते. दहा हजार मोजले तर सुमारे शंभरांची, म्हणजे एकच टक्का. शंभरपट मोजल्यावर अचूकता दहापटच वाढते, हे सूत्र म्हणून पाठ असणारे पुष्कळ भेटतात. गणकापाशी बसून ते ज्याने पाहिले त्याला मापनाची किंमत कळते.

ही गोष्ट मी इतकी लावून धरतो याचे कारण असे की, भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.पैकी संशोधनाकडे जाणारे थोडे. पुष्कळजण शिक्षक होतात. आपल्या राज्यात अकरावी-बारावीला शिकवणाऱ्या वर्ग १ च्या शिक्षकाला पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. ज्याने स्वतः शून्य उतरवून काढले तो आपल्या विद्यार्थ्यांकडून काय उतरवून घेईल, हे सांगावयास नको.

संशोधन हे निवडक बुद्धिमंतांचे काम, सामान्य विद्यार्थ्याला ते कसे झेपणार, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. त्यांना मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातला एक प्रसंग स्मरणास आणून द्यावासा वाटतो. तेथे चंद्रशेखर वेंकट रामन हा विद्यार्थी महाविद्यालयातल्या साध्या वर्णपटमापकावर लोलकाचा कोन मोजीत असता, प्रकाश पृष्ठभागावर फार तिरपा पडला म्हणजे विवर्तनाचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे दिसत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. त्यावरचा त्याचा निबंध नोव्हेंबर १९०६ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगेझिन' या लंडनच्या नियतकालिकात छापून आला. वय अठरा वर्षे, आणि एम.ए.ची पदवी मिळावयाची होती ती पुढच्या वर्षी, १९०७ मध्ये. रामन यांची प्रतिभा सर्वांना कोठून असणार, हे मान्य. पण वर्णपटमापक तर तोच आहे, आणि तो आजही आपल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटात आहे. फरक पडतो तो त्यातून दिसलेली अनपेक्षित गोष्ट विद्यार्थ्याने लिहून ठेवावी की खोडून टाकावी, याविषयी आपण त्याला काय शिकवतो त्याने.

दुसरा दाखला आपल्या इंदूरशी नाते सांगणारा आहे. इंदुरात जन्मलेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची पदार्थविज्ञान व रसायनशास्त्रातील बी.एस्सी. होऊन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संस्थेचे संचालक असलेल्या याच रामन यांनी, केवळ त्या स्त्री आहेत म्हणून, आधी नकार दिला आणि पुढे एका वर्षाच्या परीक्षाधीन मुदतीवर प्रवेश दिला. ती अट अन्यायाचीच होती, आणि ती घालणारा माणूस थोर होता म्हणून ती सौम्य ठरत नाही. तथापि त्यांना १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली ती दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर केलेल्या संशोधनाच्या बळावर, ही गोष्ट आपल्या प्रस्तुत विषयाला धरून आहे. जी तरतूद त्या काळच्या तुटपुंज्या साधनांत शक्य होती, ती आज अशक्य आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

नव्या आराखड्यातील एका तरतुदीवर जाणत्या अध्यापकांत नाराजी आहे, तिच्याबद्दलही येथे लिहितो. पदवीला कोणताही विषय असला तरी प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला दुसऱ्या विषयाच्या एम.एस्सी.ला घेता येईल, अशी मुभा आयोगाने दिली आहे. मला या मुभेची भीती वाटत नाही. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांची १९१५ सालची एम.एस्सी. मिश्र गणितातील होती. त्यानंतर कलकत्ता विद्यापीठात त्यांना भौतिकशास्त्र शिकवण्याचे काम मिळाले, आणि शिकवता शिकवता ते शिकले. दार खुले असावे. बाहेर पडतानाची पारख मात्र कसून व्हावी. आपण आजवर नेमके याच्या उलट करीत आलो आहोत.

साधने नाहीत, पैसा नाही, माणसे नाहीत, ही तिसरी सबब. भोपाळात बसून ती सांगणे कठीण आहे. येथून जवळच्या होशंगाबाद जिल्ह्यात, आजच्या नर्मदापुरमात, १९७२ मध्ये सोळा शाळांतून विज्ञान शिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले लोक त्यासाठी खेड्यांत येऊन राबले, आणि १९७८ पासून तो साऱ्या जिल्ह्यात पसरला. सहावी ते आठवीची मुले स्वतः प्रयोग करीत, आपली निरीक्षणे आपल्या शब्दांत लिहीत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी होत असे. उपक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला, त्याच्या कारणांचा वाद येथे नको. पण तीस वर्षे सरकारी शाळांतली बारा वर्षांची मुले जे करू शकली ते बावीस वर्षांच्या पदवीधरांना साधनांअभावी जमत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही.

जेथे खरोखरीच मोठी उपकरणे लागतात तेथेही आपले राज्य दरिद्री नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात इंडस-२ हा अडीच गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन चालतो. विद्यापीठांतील संशोधकांना मोठ्या साधनांचा लाभ मिळावा याच हेतूने स्थापन झालेले विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त केंद्र त्याच शहरात आहे. खुद्द भोपाळात पदार्थांवर संशोधन करणारी 'ॲम्प्री' ही वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची प्रयोगशाळा आणि २००८ मध्ये स्थापन झालेली, आता भौंरीच्या विस्तीर्ण आवारात असलेली 'आयसर' आहे. १९७० मध्ये भोपाळ विद्यापीठ म्हणून जन्मास आलेल्या आणि १९८८ पासून क्रांतिकारक बरकतउल्ला यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठापासून या संस्था एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर आहेत. लागतो तो कुलगुरूंच्या सहीचा एक करारनामा आणि विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाची किरकोळ तजवीज.

आता प्रत्यक्ष सूचना. मसुद्यात तीन कलमे घालावीत.

पहिले कलम नोंदवहीचे. पृष्ठांक छापलेली, शिवलेली वही विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतच लिहावी. वाचने ज्या दिवशी घेतली त्या दिवशी शिक्षकाने त्यांखाली तारखेसह सही करावी. खोडलेला आकडा वाचता येईल असा खोडावा. परीक्षेत गुण द्यावयाचे ते या वहीला. सुबक फाइल मागणेच बंद करावे.

दुसरे कलम एका अनुत्तरित प्रश्नाचे. आराखड्याने तीन वाटा दिल्या आहेत: केवळ अध्ययन, अध्ययन व संशोधन, केवळ संशोधन. यांपैकी पहिली वाट भौतिकशास्त्रापुरती बंद ठेवावी. ज्याचे उत्तर पुस्तकात नाही असे एक मापन, किंवा सैद्धांतिक ओढा असणाऱ्यासाठी एक गणन, प्रत्येकाने एका सत्रात पुरे करून लघुप्रबंधाच्या रूपाने मांडावे. ते भव्य असण्याची गरज नाही. मोठ्या तलावाच्या पाण्याचा गढूळपणा त्यातून जाणारा प्रकाश किती विखुरतो त्यावरून पावसाळ्याच्या आधी व नंतर मोजणे, जुन्या शहरातल्या दगडी इमारतींच्या तळघरांत गायगर गणक ठेवून पार्श्वभूमीतील किरणोत्साराची तुलना करणे, असे विषय गावातच विखुरलेले आहेत आणि त्यांना लागणारी साधने बहुतेक महाविद्यालयांत धूळ खात पडली आहेत. एक वर्षाच्या क्रमात वेळेची काटकसर करण्याचा मोह होईल, आणि कात्री पहिल्याने प्रयोगशाळेवर चालेल. हे कलम ती कात्री अडवण्यासाठी आहे.

तिसरे कलम मौखिक परीक्षेचे. चार मिनिटांचा वायवा म्हणजे परीक्षा नव्हे. बाह्य परीक्षकासमोर, फळ्यापाशी, निदान अर्धा तास विद्यार्थ्याने आपले काम समजावून द्यावे, इतर विद्यार्थ्यांना तेथे बसण्याची परवानगी असावी, आणि या परीक्षेत अनुत्तीर्ण होणाऱ्याला लेखी गुणांच्या जोरावर पदवी मिळू नये. त्याला सहा महिन्यांनी पुन्हा संधी द्यावी. भाषेची सक्ती नसावी. विद्यार्थ्यांना परीक्षेत आपल्या भाषेत लिहू द्यावे, असे आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलेच आहे. ती सवलत तोंडी परीक्षेलाही लागू करावी. इंग्रजीत अडखळणारा मुलगा हिंदीत, आणि परीक्षकाला समजत असेल तर मराठीत, हॉलच्या दाबाचे चिन्ह का बदलते ते नीट सांगतो. आणि इंग्रजीत पाठ केलेले सांगणारा दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

या तीन कलमांमुळे पहिली काही वर्षे निकाल खाली येईल, अर्ज घटतील, पालक तक्रारी करतील आणि वर्तमानपत्रे टक्केवारी छापतील. त्या काळात आपण डगमगू नये, एवढीच अपेक्षा आहे. पालकांनाही या पत्राद्वारे सांगणे आहे की, मुलीने प्रयोगाचे उत्तर पुस्तकाशी जुळत नाही म्हणून घरी येऊन कुरकुर केली तर तिला जुनी फाइल मिळवून देऊ नका. उद्या पुन्हा प्रयोगशाळेत जा, असे सांगा.

अभ्यास मंडळांच्या पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि तीन कलमांपैकी जे अमान्य असेल ते कोणत्या कारणास्तव अमान्य आहे हे इतिवृत्तात नमूद करावे, ही नम्र विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक
भोपाळ